आकाशगंगेचा बांध

विज्ञानकथेतल्या दुष्ट सम्राटांची मला नेहमीच काळजी वाटत आलेली आहे. नायकाची काळजी करायचं कारण नाही. त्याच्या मागे लेखक असतो, नायिका असते, झालंच तर शेवटचं प्रकरण असतं. सम्राटाच्या मागे फक्त त्याचा काळा झगा. आणि कामाचा व्याप केवढा! आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत असं खगोलशास्त्रज्ञ सांगतात. एकेका ताऱ्याकडे नुसता एक सेकंद डोळे वटारून बघायचं म्हटलं, तेही जेवण, झोप, आंघोळ सगळं सोडून, तरी तीन हजार वर्षांच्या वर लागतात. या टोकाहून सोडलेला हुकूम प्रकाशाच्या वेगाने निघाला तर त्या टोकाला पोचायला लाखभर वर्षं. तोवर हुकूम सोडणारा, पाळणारा आणि ज्याच्याविरुद्ध सोडला तो, या तिघांचीही श्राद्धं घालायला कोणी उरलेलं नसतं. इथे एका गावचे सातबारे लिहिताना वारस, कुळं आणि विहिरीतले हिस्से यांचा मेळ घालता घालता तलाठ्याचे केस पांढरे होतात. शंभर अब्ज ताऱ्यांचे सातबारे कोण लिहिणार?

आणि तरीही हे गृहस्थ साम्राज्य करायला निघतात. का?

हा प्रश्न खरं म्हणजे माझा नाही, नातवाचा आहे. १९७७ सालचा पहिला 'स्टार वॉर्स' आम्ही दोघं बघत होतो. त्यात साम्राज्याचं एक चंद्राएवढं यंत्र अॅल्डेरान नावाचा आख्खा ग्रह एका झटक्यात उडवून देतं. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, ग्रहच उडवून टाकला, तर मग हे राज्य कशावर करणार?"

मी म्हटलं, "दूध पी."

आजोबा लोकांकडे तत्त्वज्ञानातल्या बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर असतं. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ज्याला राज्य हवंय तो राज्याचीच राख का करतो? म्हणजे त्याला हवंय ते काहीतरी वेगळंच असणार.

तेव्हा मी माझ्या ओळखीच्या सगळ्या सम्राटांची मनातल्या मनात झडती घेतली. आमच्या लहानपणीचा सम्राट म्हणजे मिंग. फ्लॅश गॉर्डनची चित्रकथा अमेरिकेत १९३४ साली सुरू झाली. आमच्याकडे ती वेताळ आणि मॅन्ड्रेक यांचा हात धरून इंद्रजाल कॉमिक्समधून आली. हा मिंग मोंगो ग्रहाचा सम्राट, आणि 'निर्दय' ही त्याची पदवीच! साम्राज्य कशासाठी, हे त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दाढी टोकदार होती आणि कॉलर उंच होती, एवढी कारणं त्या काळी पुरेशी असत.

नंतर १९८७ साली 'मिस्टर इंडिया'तला मोगॅम्बो आला. या माणसाला अख्खा हिंदुस्थान हवा आहे, पण हिंदुस्थान घेऊन पुढे काय करणार, याची काही योजना त्याच्याकडे असल्याचं दिसत नाही. ते बेट, ते सोनेरी कपडे, ती सलामी! त्याने सांगितलं की त्याची माणसं तेजाबाच्या हौदात उड्या घेतात. हे झालं की तो खूश होतो, आणि आपण खूश झाल्याचं स्वतःच जाहीर करतो, तेही स्वतःचं नाव घेऊन, तृतीय पुरुषात. आपल्या घरात एखादा माणूस असं बोलू लागला तर आपण त्याला डॉक्टरकडे नेऊ. गंमत म्हणजे ही भूमिका करणारे अमरीश पुरी सिनेमात पूर्णवेळ रमण्याआधी बरीच वर्षं कामगार विमा महामंडळात नोकरी करत होते. टेबलापलीकडच्या माणसाला ताटकळत ठेवण्यात जी एक नाजूक सत्ता असते, ती त्यांनी तिथे जवळून पाहिली असली पाहिजे, असा आपला माझा तर्क.

मोगॅम्बोवरून वाटलं, नावासाठी करत असतील. आपलं नाव सगळीकडे लागावं, एवढीच हौस. पण मग आठवण झाली डॉ. जयंत नारळीकरांची. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली, ती मुळी 'नारायण विनायक जगताप' अशा नावाने. खऱ्या नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत म्हणून. कथेला बक्षीस मिळालं ते जगतापांना. म्हणजे ज्यांना आकाशगंगेची खरीखुरी माहिती होती त्यांनी नाव लपवलं, आणि ज्यांना तिच्यातलं ओ की ठो कळत नाही ते तिच्यावर नाव कोरायला निघाले. तेव्हा नुसत्या नावाने हा उलगडा होत नाही.

'स्टार वॉर्स'मधला पॅल्पटिन त्या मानाने अभ्यासू माणूस. १९९९ ते २००५ या काळात आलेल्या तीन चित्रपटांत त्याचं पूर्वचरित्र सांगितलं आहे. हा मुळात निवडून आलेला. संकट आहे म्हणून सभागृहाने त्याला जादा अधिकार दिले, संकट त्यानेच पैदा केलेलं होतं, आणि शेवटी त्याने साम्राज्य जाहीर केलं तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तो लोकांना सोनं देत नाही, जमीन देत नाही. सुरक्षितता देतो. पलीकडे कोणीतरी टपून बसलंय, एवढंच तो सांगतो.

'पलीकडे' हा शब्द आला आणि मला एकदम निमगाव केतकी आठवली.

निमगाव केतकी हे बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. माझं आजोळ. या गावाचं नाव आमच्या भागात विड्याच्या पानासाठी घेतलं जातं. ज्याने पानमळा पाहिला नाही त्याला सांगतो, भर उन्हाळ्यात उसाच्या रानातून चालत येऊन पानमळ्यात शिरलं की देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं. शेवरीच्या आणि हादग्याच्या झाडांची दाट सावली, पायाखाली ओल, आणि झाडाझाडावर चढलेल्या नागवेली. आत माणसं बोलतातही हळू.

थोरल्या मामांचा मळा असा होता. आणि त्याला लागून 'पलीकडच्या'चा मळा. या गृहस्थांना नाव होतं, बायकापोरं होती, गावात मान होता. पण मामांच्या घरात त्यांना नाव नव्हतं. ते 'पलीकडचे'. दोघं एका शाळेत शिकलेले, एका ताटात जेवलेले. पण मधल्या बांधावरून बिनसलं. दर नांगरटीला बांध वीतभर अलीकडे सरकतो, असं मामांचं म्हणणं. मोजणी झाली. साखळी आली, दगड रोवले गेले, दगड हलले. मग दावा. वकील, तारखा, एस.टी.ची तिकिटं. मामींच्या पाटल्या गेल्या. खोंडांची एक देखणी जोडी गेली. बारा-चौदा वर्षं दोन्ही घरांत कार्याची अक्षत गेली नाही.

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. मी मामांना म्हटलं, "मामा, त्या वीतभर पट्टीत वर्षाला पिकून पिकून पिकणार काय? तुम्ही वकिलाला दिलेत त्यात दुसरा मळा झाला असता."

मामा म्हणाले, "जमिनीचं नाय रं ते. आज गप बसलो तर उद्या तो म्हनंल, ह्याला चालतंय."

एकदा विहिरीवर पलीकडचे भेटले. मोठ्यांचं भांडण पोरांना लागू नव्हतं, म्हणून त्यांनी मला पेरू दिला. मी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी नाय कोरला तर तुझा मामा कोरंल. त्यापरीस आपन आधी."

झालं! आकाशगंगेतल्या तमाम सम्राटांचं सगळं राजकारण या दोन वाक्यांत आलं. अलीकडे काय पिकतं याच्याशी त्याचा संबंध नसतो. पलीकडे कोणीतरी आहे, तो आपल्यासारखाच आहे, आणि आपण कसे आहोत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. या माहितीने माणसाची झोप उडते. मग त्याला वाटतं, एकदा ही कटकटच मिटवावी. पलीकडे कोणी राहताच कामा नये. पुन्हा राख झालेल्या ग्रहाकडून कसली भीती? नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं हे आहे. सम्राटाला राज्य नको असतं, शेजारी नको असतो.

पण इथे भूमिती आडवी येते. दोन एकरांचे चार एकर केले की बांधही लांबतो. पूर्वी चार शेजारी होते, आता सहा होतात. एक ग्रह घेतला की त्याच्या पलीकडचा दिसू लागतो, जो काल दिसतही नव्हता. म्हणजे भीती मिटवायला जावं तर भीतीचाच बांध वाढतो. शंभर अब्ज तारे घेतले तरी आकाशगंगेला कड असतेच, आणि कडेपलीकडे दुसऱ्या आकाशगंगा आहेत, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

हे नुसतं गोष्टीतच घडतं असं नाही. इंदापूर तालुक्याच्या कडेने जी भीमा वाहते, तीच पुढे मंगळवेढ्याजवळ माचणूरला जाते. तिथे ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी सलग पडलेली होती. १६८१ साली हा बादशहा दक्षिणेत उतरला, पुढची पंचवीसेक वर्षं इथेच या किल्ल्याहून त्या किल्ल्यावर फिरला, आणि १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वारला. वय अठ्ठ्याऐंशी. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. काबूलपासून खाली तामिळ मुलखापर्यंत ज्याची सत्ता, त्याचा म्हातारपणचा पत्ता काय, तर मुक्काम पोस्ट तंबू, भीमाकाठ. एवढा बांध सरकवला, पण पलीकडचा काही संपला नाही.

हे वाचून आपल्याला जरा बरं वाटतं. पण फार बरं वाटून घेऊ नये. दुसऱ्याने केलं तर ते साम्राज्य, आपण केलं तर अटकेपार झेंडा! १७५८ साली आपले घोडे अटकेला पोचले याचा मलाही अभिमान आहे. शाळेत आम्हाला तो शिकवला गेला, आणि शिकवणाऱ्या गुरुजींचा कंठ दाटून यायचा. पण त्याच शतकात, १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा गेल्या. चौथाईसाठी गावं लुटली गेली, जाळली गेली. बारगीर या आपल्या शब्दाचं तिथे 'बर्गी' झालं, आणि बंगालातल्या आया पोरांना झोपवताना या बर्गींची भीती घालू लागल्या. १७४२ साली कलकत्त्याच्या लोकांनी मराठे येतील म्हणून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला. मराठे कलकत्त्याला आलेच नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, पण 'मराठा डिच' हे त्याचं नाव राहिलं. आपलं नाव असलेला तो बहुधा जगातला एकमेव खड्डा, आणि तोही दुसऱ्यांनी खणलेला. कलकत्त्याच्या बाजूने बघितलं तर टोकदार दाढी आणि उंच कॉलर आपल्याच गळ्यात होती. पलीकडचा हा नेहमी दुसराच असतो असं नाही. बांध ओलांडून उभं राहिलं की आपणच पलीकडचे होतो.

मग गावात शिरायचा दुसरा काही मार्ग आहे की नाही? आहे, आणि तो निमगाव केतकीच्या लोकांना पाठ आहे. आषाढीला तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि बारामतीहून इंदापूरला जाताना अलीकडच्या वर्षांत निमगाव केतकीला मुक्काम करते. लाखांच्या घरात माणसं. एखाद्या बादशहाच्या फौजेनेही दबकून राहावं असा समुदाय. एका संध्याकाळी अख्खं गाव त्यांच्या ताब्यात जातं. ओटे, अंगणं, शाळा, रानं, सगळं. बांध कुठे आणि वाट कुठे, काही कळत नाही. आणि सकाळी बघावं तर ही फौज पुढे गेलेली असते. प्रत्येक दिंडीजवळ पताका असतात. पण पताका घेऊन येतात आणि घेऊन जातात, गावावर रोवत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे संतांचं झालं. सामान्य दुष्ट माणसाने काय करावं?

त्यासाठी मला आयझॅक आसिमॉव्हचा 'म्यूल' आठवतो. 'फाउंडेशन अँड एम्पायर' या १९५२ सालच्या पुस्तकातला हा सम्राट. दिसायला काडीपैलवान, नाक भलंमोठं, लहानपणापासून सगळ्यांनी हसलेला. त्याच्याकडे एकच विद्या, दुसऱ्याच्या मनातल्या भावना बदलायची. शत्रू समोर आला की हा त्याच्या मनात स्वतःबद्दल भक्ती भरतो. ग्रहामागून ग्रह न लढता खाली पडतात. सगळे त्याच्यावर प्रेम करतात, आणि ते सगळं प्रेम त्याने स्वतःच त्यांच्या मनात घातलेलं असतं. स्वतःच वाटलेल्या पेढ्यांची परतफेड घेत बसण्यासारखं. पण या सगळ्यात बेटा नावाची एक बाई असते. म्यूल विदूषकाच्या वेषात हिंडत असताना तिला त्याची आपणहून माया वाटते, त्याने काही न करता. आणि हा जगज्जेता एवढ्या एका गोष्टीने इतका हरखतो की तिच्या मनाला तो हातच लावत नाही. तेवढं एक मन मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या मनानेच पुढे त्याचा डाव उधळला जातो.

मला हा माणूस फार खरा वाटतो. त्याला आकाशगंगा नको होती. पलीकडून कोणीतरी, कोणी न सांगता, 'ये, बस' म्हणावं, एवढंच हवं होतं. पण ते मिळवायला पलीकडे कोणीतरी शिल्लक असावं लागतं, आणि ते मोकळंही असावं लागतं. सम्राटाचा धंदा नेमका त्याच्या उलट. शेजारी संपवून तो शेजाऱ्याच्या मायेची वाट बघत बसतो.

मामांच्या दाव्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. एका वर्षी मामा अंथरुणाला खिळले, आणि नेमके ते मळ्यात उतरणीचे दिवस होते. उतरण म्हणजे काय, तर नागवेल झाडावर चढत चढत फार उंच गेली की तिची पानं लहान पडू लागतात. मग तिला झाडावरून सोडवून खाली घेतात, बुंध्याशी मातीत गाडतात आणि शेंडा पुन्हा चढू देतात. वेल पुन्हा जोमाने फुटते. हे काम कोणालाही जमत नाही. वेल मोडता कामा नये, आणि वेळ टळता कामा नये. मामांची मुलं लहान होती, मजूर मिळत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडचे बांध ओलांडून आले. कोणाशी बोलले नाहीत. मामींनी पाण्याचा तांब्या ठेवला, तो तेवढा घेतला. आठ-दहा दिवस राबून त्यांनी मामांचा सगळा मळा उतरवून दिला. माझ्या धाकट्या मामेभावाने न राहवून विचारलं, "तुम्ही कसं काय आलात?" तर म्हणाले, "वेल काय कोर्टाची तारीख बघून थांबती व्हय?"

यानंतर दोघं गळ्यात पडले, असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं काही झालं नाही. दावा चालूच राहिला, पुढे दोघंही थकले आणि तो आपोआप मरगळला. बांध अजून वाकडाच आहे. फक्त मामांच्या घरात पलीकडच्यांना पुन्हा नावाने हाक मारू लागले, आणि पुढच्या लग्नाला अक्षत गेली. मामांना बरं वाटल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तो नसता तर मळा गेला असता बघ." बारा-चौदा वर्षं ज्याला नाहीसा करायला निघाले होते, त्याच्याबद्दल!

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना मला म्हणूनच एक सुचवावंसं वाटतं. सम्राटाच्या दरबारात सेनापती असतो, हेर असतात, यंत्रमानव असतात. पण त्याला झाडावरून उतरवणारा कोणी नसतो. तो चढतच राहतो, आणि जितका चढतो तितकी पानं बारीक होत जातात. शेवटी आकाशगंगेच्या शेंड्यावर एकटा वारा खात बसतो, आणि मग खाली बघून एखादा ग्रह उडवतो. पृथ्वीवरसुद्धा असे वेल मी बरेच पाहिले आहेत. कोणी संस्थेच्या झाडावर, कोणी पक्षाच्या, कोणी नुसता सोसायटीच्या सेक्रेटरीपदाच्या. त्यांना मुळासकट उपटायची काही गरज नसते. ठराविक वर्षांनी कोणीतरी हलक्या हाताने खाली घ्यावं आणि बुंध्याशी माती लावावी, एवढंच हवं असतं. हे काम जवळच्याच माणसाला जमतं, आणि बहुतेक वेळा तो माणूस बांधापलीकडे राहत असतो.